पवित्र शास्त्रातली बाज, पलंग, चौरंग: नुसती प्रतीकं की खरं सामान?

पाटीवाली:
रविवारी लहान मुलांचा वर्ग घेते. गेल्या आठवड्यात बायबलातल्या मार्क २ (मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय) मधला पक्षाघाती घेतला, चौघांनी छप्पर उकरून खाली सोडला तो. येशूच्या "ऊठ, आपली बाज उचल" इथं आल्यावर नऊ वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "बाई, आत्ता बरा झालेला माणूस एकटा बाज कशी उचलेल? ती तर दोघांना लागते." मी म्हटलं, चमत्कारच होता ना तो. त्याचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही नाही.

घरी येऊन टिपणांची एक पुस्तिका काढली. बिछाना म्हणजे विश्रांती, मेज म्हणजे सहभागिता, दिवा म्हणजे वचन, अशी जंत्री. पण दोनच अध्याय पुढे येशू म्हणतो, दिवा पलंगाखाली ठेवायला आणतात का? म्हणजे वचन विश्रांतीखाली ठेवू नका? असो, तेही जमवतात लोक. पण आमोस ६ मध्ये हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांना संदेष्टा झोडपतोय, तिथं विश्रांतीचं काय करू? या सामानाकडे बघायचं तरी कसं?

रंधा_पटाशी:
ताई, चाळीस वर्षं सुतारकी केली, आता गुडघ्यांमुळे बसून वाचतो. त्या पोराला माझा नमस्कार सांगा. त्यानं बरोबर जागी बोट ठेवलंय.

मार्क २ मध्ये मूळ ग्रीक शब्द आहे 'क्राबात्तोस'. गरिबाचं अंथरूण, पथारी म्हणा. मार्क ४ मध्ये दिव्याच्या वाक्यात शब्द आहे 'क्लिने', म्हणजे पाय असलेला पलंग. पाय नसतील तर खाली दिवा ठेवणार कुठं? एकाच लेखकानं दोन वेगळ्या वस्तूंना दोन वेगळे शब्द वापरलेत. गंमत अशी की हीच पक्षाघाती माणसाची गोष्ट सांगताना मत्तय 'क्लिने' लिहितो आणि लूक 'क्लिनिदिओन', म्हणजे छोटा पलंग. क्राबात्तोस त्यांना गावंढळ वाटला असावा, हा माझा अंदाज. आपल्या भाषांतरात 'बाज' आली, आणि बाज म्हटली की आपल्याला चार खूर दिसतातच.

योहान ५ मध्ये बऱ्या झालेल्या माणसाकडेही क्राबात्तोसच आहे, आणि तिथं सगळी तक्रार त्या ओझ्यावरूनच सुरू होते. शब्बाथाच्या दिवशी अंथरूण उचलून का चाललास? विश्रांतीच्या दिवशी अंथरूण खांद्यावर! तुमच्या पुस्तिकेला हे विचारा.

माझं आवडतं सामान मात्र २ राजे ४ मधलं. शूनेमची बाई नवऱ्याला म्हणते, संदेष्टा अलीशासाठी माडीवर लहानशी खोली बांधू, आणि तिथं पलंग, मेज, चौरंग, दिवा ठेवू. काम देणारं गिऱ्हाईक असं असावं, चार वस्तू, नेमक्या. त्या काळी पाहुण्याला जमिनीवर अंथरूण दिलं तरी पुष्कळ. तिनं त्याला बसायला आसनही दिलं. हिब्रूत त्या आसनाला शब्द आहे 'किस्से', राजाच्या सिंहासनालाही तोच. दिव्याला 'मेनोरा' आणि मेजाला 'शुल्हान', जे निर्गम २५ मध्ये देवाच्या निवासमंडपातल्या सामानाला वापरलेत. कुणी म्हणेल, बघा, तिनं माडीवर छोटं मंदिरच मांडलं. मला तसं वाटत नाही. घरातल्या मेजाला दुसरा शब्द तरी कुठला असणार होता?

पण पुढे वाचा. अलीशाच्याच शब्दानं झालेला तिचा मुलगा तिच्या मांडीवर मरतो. ती त्याला उचलून वर नेते आणि त्याच पलंगावर ठेवते, संदेष्ट्याच्या. दार लावून घेते. कुणाला काही सांगत नाही, गाढवावर खोगीर घालायला लावते आणि निघते. अलीशा येतो तेव्हा पोर त्याच्याच बिछान्यावर पडलेलं. तुझं देणं तुझ्या दारात, असंच म्हणाली की ती! हे 'विश्रांती' असं लिहून कसं कळेल? सुतार म्हणून सांगतो, आपण वस्तू एका कामासाठी करून देतो आणि घरातले लोक तिचं काय काय करतात.

तल्पवाचक:
रंधेकाका, झकास. एक भर घालतो. उत्पत्ती ४९ मध्ये मरणापूर्वी याकोब थोरल्या मुलाला, रऊबेनला म्हणतो, तू बापाच्या बिछान्यावर चढलास. बाबा बिल्हेविषयी, म्हणजे आपल्या उपपत्नीविषयी बोलतोय, पण नाव बिछान्याचं घेतोय. १ इतिहास ५ म्हणतं की याच कारणानं रऊबेनचा जन्महक्क योसेफाच्या मुलांकडे गेला.

संस्कृत वाचणाऱ्याला हे लगेच ओळखू येतं. छांदोग्य उपनिषदात (५.१०.९) पतितांच्या यादीत सोनं चोरणारा, सुरा पिणारा, ब्रह्महत्या करणारा आणि 'गुरोस्तल्पमावसन्' आहे. तल्प म्हणजे शय्या, अर्थ गुरुपत्नी. आणि अथर्ववेदाच्या विवाहसूक्तात (१४.२) नववधूला म्हणतात, आनंदी मनानं तल्पावर चढ. शब्द तोच. फरक एवढाच, की पलंग कुणाचा आणि चढतंय कोण.

पाटीवाली:
दोघांनाही धन्यवाद. मुलाला सतरंजीची वळकटी करून दाखवणार आहे. पण आमोस राहिला की.

रंधा_पटाशी:
आमोस मला जमत नाही, राग येतो वाचताना. एवढंच करा, ६:४ च्या आधी २:८ वाचा. निर्गम २२ चा नियम असा की गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंत तर सूर्य मावळायच्या आत परत द्या, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरं काही नाही. आणि २:८ मध्ये हे लोक गहाणाची वस्त्रं अंथरून वेदीजवळ लोळतायत. मग ६:४ मधले हस्तिदंती पलंग बघा. शोमरोनच्या, म्हणजे आमोसाच्या काळच्या इस्राएलच्या राजधानीच्या, उत्खननात १९३० च्या दशकात हस्तिदंताचे कोरीव तुकडे ढिगानं सापडले, फर्निचरवर जडवायचे. म्हणजे आमोसानं अलंकार म्हणून हस्तिदंत लिहिलेलं नाही.

तल्पवाचक:
आणि 'अनुवाद' या पुस्तकातला (३:११) ओग राजाचा लोखंडी पलंग? नऊ हात लांब, चार हात रुंद. तो शवपेटी असावा असंही काही अभ्यासक म्हणतात.

रंधा_पटाशी:
म्हणजे अंदाजे ४ मीटर बाय १.८. एवढा पलंग दारातून आत जात नाही हो. आतच जोडायचा, आणि मग राजा गेला तरी तो तिथंच.