रसद पोचवणाऱ्याला 'वीर' म्हणायचं की नाही?

गोदाकाठचा:
आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक बॅनर फिरला. गावातले एक सुभेदार मेजर एएससीत, म्हणजे फौजेला रसद पोचवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, 32 वर्षं काढून पेन्शनवर आलेत. येत्या रविवारी वेशीपासून पारापर्यंत उघड्या जीपमधून मिरवणूक, मग सत्कार. बॅनरवर 'वीर सुपुत्र' असं लिहिलंय. त्याखाली एका शहाण्यानं टाकलं, "गोळी न झाडता वीर? मग राशन दुकानदाराचीबी काढा मिरवणूक." त्यावर दात काढणाऱ्यांची रांग लागली. तिथं दोन ओळीत भागण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं लिहायलोय.

माझा बाप एएससीत ड्रायव्हर. लडाखच्या वाटेवरची झोजिला खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत लडाखचा हिवाळ्याचा साठा वर पोचवायचा, हे त्याचं काम. पीठ, रॉकेल, डाळ, टिनातली फळं. तो सांगायचा, पहाटे शक्तिमान ट्रकचं डिझेल गोठलेलं असायचं. मग ब्लो लॅम्प लावून टाकी शेकायची. खाली डिझेल अन् त्याला जाळ! ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी आपल्या मोटरसायकलवर करून बघावं. बर्फाच्या साखळ्या बांधून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची बधिर झाली. शेवटच्या दिवसांत चहाची कपबशी त्याला नीट धरता येत नव्हती, बशी खणखण वाजायची. गोळी त्यानं फायरिंग रेंजवरच झाडली. पण वरच्या पोस्टवरल्या पोरांनी सहा महिने जे खाल्लं, ते अशाच हातांनी नेलेलं होतं.

1962 ला काय झालं? सुती वर्दी अन् कॅनव्हासचे बूट घालून पोरं हिमालयात उभी होती. शौर्य कमी पडलं नाही, सामान कमी पडलं.

जुना_फौजी:
वडिलांना सलाम. पण मी इन्फंट्रीचा, पायदळाचा, तेव्हा खरं बोलतो. 99 ला कारगिलच्या लढाईत द्रासला होतो. तीन दिवस शक्करपाऱ्यावर काढलेत. खाली बेसला तुमच्या कोअरच्या लोकांचा लंगर गरम, अन् आम्ही बर्फ चोखून पाणी प्यायलो. सामान वर कुणी आणलं? गावातले पोर्टर अन् आमचीच पोरं. सत्कार करा, शाल द्या, नारळ द्या. 'वीर' हा शब्द मात्र सांभाळून वापरा. आमच्या सेक्शनमधले दोघं परत आले नाहीत. त्यांच्या गावात अजून धड कमान नाही.

गोदाकाठचा:
कमान नाही ही लाज ग्रामपंचायतीची, एएससीची नव्हे. अन् द्रासचंच काढलंत तर कॅप्टन केंगुरुसे आठवा. एएससीचाच अधिकारी. 28 जून 1999 ला गुळगुळीत खडकावर पाय टिकेना म्हणून त्या थंडीत बूट काढून अनवाणी चढला. मरणोत्तर महावीर चक्र.

जुना_फौजी:
आठवतो, विसरणार कसा. पण तो तेव्हा 2 राजपुताना रायफल्सला जोडलेला होता, हल्ल्यात पुढं जाणारी घातक प्लाटून घेऊन गेला होता. चक्र लढण्यासाठी मिळालं, पीठ पोचवण्यासाठी नाही. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूनं साक्ष द्यायलंय.

उदगीरकर:
मग रामा राघोबा राणे? इंजिनिअरचे. एप्रिल 48 मध्ये नौशेरा-राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग अन् अडथळे काढले, रणगाड्यांना रस्ता करून दिला. परमवीर मिळालं, तेही जिवंतपणी. म्हणजे वाट करून देणाराही वीर असतो की.

बाकी मराठी माणसाला रसदेचं महत्त्व शिकवायची वेळ यावी, यासारखं दुर्दैव नाही. आमच्या उदगिरात फेब्रुवारी 1760 ला निजामाला नमवणारे भाऊसाहेब वर्षाच्या आत पानिपतावर उपाशी फौज घेऊन उभे होते. तिकडं रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, दाणागोटा तुटला, लोक झाडपाला खायला लागले. आपण अडीचशे वर्षं फक्त तलवारीचे पोवाडे गायलोत.

बालाघाटी:
राणे गोळीबारात काम करत होते हो. जखमी झालेले. उगाच काहीतरी जोडू नका.

आणि पुरवठा खात्याची दुसरी बाजू कुणीच का लिहीना? 2020 ला संसदेत कॅगचा अहवाल आला, सियाचीन-लडाखच्या जवानांना बर्फातले कपडे, गॉगल, बूट वेळेवर नाहीत म्हणून. तो जळक्या रोटीचा व्हिडिओ विसरलात का? हारतुरे घालायच्या आधी हिशोब मागा.

जुना_फौजी:
व्हिडिओ 2017 चा अन् बीएसएफचा. बीएसएफ गृह खात्याखाली येतं, आर्मीत नाही. आधी एवढं तरी माहीत करून घ्या. माझं एएससीशी भांडण असलं तरी दुसऱ्याचं पाप त्यांच्या माथी मारू देणार नाही.

लातूरची_लेक:
माझे मिस्टर ऑर्डनन्सला, म्हणजे फौजेचा दारूगोळा अन् सामान साठवणाऱ्या कोअरला आहेत. ते सामान रस्त्यावर यायच्या आधी डेपोत असतं. 31 मे 2016 ची पुलगावची आग विसरलात? दारूगोळ्याच्या डेपोत दोन अधिकारी गेले अन् त्यांच्यासोबत कितीतरी जण, बहुतेक अग्निशमनचे कर्मचारी. सीमेपासून शेकडो किलोमीटर आत! त्या आठवड्यात मी भाकरी थापता थापता फोनकडं बघायची, तवा जळून जायचा.

अन् मिरवणुकीपेक्षा फौजी कॅन्टीनचं बोला की कुणीतरी. आमच्या सासऱ्यांना साबण-चहापत्तीसाठी दोन एसट्या बदलाव्या लागतात. एका दवाखान्यात तर ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं कार्ड बघून "आज साहेब नाहीत" म्हणून परत लावलं. असला सत्कार रोज चालू असतो.

तांड्यावरचा:
रसद म्हणालात म्हणून बोलतो. मराठवाड्यात कोअरबिअर नव्हते तेव्हा फौजा कोण पोसत होतं? आमचे बंजारे. हजारो बैलांवर धान्य लादून लदेणी निघायची. भंगी-जंगी या बंजारा नायकांना मिळालेल्या सनदेची गोष्ट म्हातारे अजून सांगतात, 'रंजन का पानी, छप्पर का घास, दिन के तीन खून माफ. और जहाँ आसफजाह के घोड़े, वहाँ भंगी-जंगी के बैल.' जालन्याजवळ असईला 1803 मध्ये वेलस्ली लढला, त्या मोहिमेतही त्याची मदार बंजाऱ्यांच्या धान्यावर होती. त्यांचा सत्कार कुठल्या पारावर झाला?

बालाघाटी:
वा! म्हणजे शिंदे-भोसल्यांना हरवणाऱ्या इंग्रजाला धान्य पुरवलं, त्याचा अभिमान?

तांड्यावरचा:
तोंड सांभाळून. ते व्यापारी होते, दोन्हीकडं विकायचे, अन् दोन्हीकडच्यांना ते चालायचं. असईला हरलेल्या फौजेचे अधिकारी तरी कोण होते, बघा जरा. फिरंगीच होते की कित्येक. पुढं रेल्वे आली, लदेणी बसली, अन् ज्यांनी फौजा जगवल्या त्यांनाच गुन्हेगार जमात ठरवलं. माझ्या आज्याला पोलीस पाटलाकडं हजेरी द्यावी लागायची. तुमच्या आज्याला लागायची का?

बालाघाटी:
आता हे आरक्षणावर जाणार, मला माहीतच होतं.

तांड्यावरचा:
आरक्षणाचा 'आ' मी काढला नाही. तुम्ही काढलात. बैलांवर बोलत होतो.

उदगीरकर:
दोघंही थांबा जरा. बालाघाटी, असईचा टोमणा उगाच होता. आणि तांडेवाले भाऊ, लदेणीवर सवडीनं वेगळा धागा काढा, मी पहिला वाचीन.

गोदाकाठचा:
काढाच. खेचराचा सन्मान करणारी कोअर आहे ही, बैल तरी का मागं राहावा? चेष्टा नाही. पेडोंगी नावाचं खेचर 71 ला पाकिस्तान्यांच्या हाती लागलं, अन् पाठीवर त्यांचीच मशीनगन अन् दारूगोळ्याच्या पेट्या घेऊन आपल्या ठाण्यावर परत आलं. पुढं निळ्या मखमलीची झूल घालून त्याचा सत्कार झाला. अन् इथं दोन पायाच्या माणसाला जीपमध्ये बसवायचं म्हणलं की पोटात दुखायलंय.

जुना_फौजी:
खेचराला कुणी वीर म्हणलं नाही, झूल घातली. मी काय वेगळं सांगायलोय? विशिष्ट सेवा पदकंच बघा. ती दीर्घ, चोख कामासाठीच असतात. पण अतिविशिष्ट, परमविशिष्ट कुणाच्या छातीवर दिसतात? जनरल लोकांच्या. झोजिलाच्या ड्रायव्हरला फार तर लष्करप्रमुखांचं कमेंडेशन कार्ड. तुमच्या वडिलांना तेबी मिळालं नसंल.

गोदाकाठचा:
नाही मिळालं. एक स्टीलची थाळी मिळाली, युनिटचं नाव कोरलेली. आई त्यात पापड वाळत घालते.

लातूरची_लेक:
आमच्याकडं अशा तीन आहेत.

जुना_फौजी:
बरं. इथं भांडण्यापेक्षा समक्ष भांडतो. रविवारी येतो, माझं गाव तिथून बारा किलोमीटर. साहेबांना सॅल्यूट मारीन, शालबी घालीन. 'वीर' लिहिलेल्या बॅनरसमोर मात्र फोटो काढायचा नाही, आधीच सांगून ठेवतो. 'सेवापूर्ती' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

गोदाकाठचा:
बॅनर छापून टांगून झालाय. साहेबांना दाखवला तर ते शब्दावर काही बोलले नाहीत. जेवायला माणसं किती, पुऱ्यांना कणीक किती मळायची, अन् येसर आमटी पुरंल का, एवढंच विचारलं.

जुना_फौजी:
आमचे चौघं धरा. अन् आमटी गरम पाहिजे, 99 सारखं करू नका.