क्रोक पार्कवर शॅमरॉक बोल? आधी फक्की कोण मारणार ते सांगा

पांढरी टोपी
परवा इथं एक पोस्ट पडली. सार असं: “सप्टेंबर २०२५ला डब्लिनच्या क्रोक पार्कवर, म्हणजे आयर्लंडच्या देशी गेलिक खेळांच्या स्टेडियमवर, एनएफएलची (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) स्टीलर्स-वायकिंग्ज मॅच झाली. आता शॅमरॉक बोलसुद्धा, म्हणजे आयर्लंडच्या हौशी अमेरिकन फुटबॉल लीगची फायनल, तिथंच खेळवा, एनएफएलच्या सामन्याच्या आदल्या दिवशी. रग्बी क्लबच्या मैदानावर चार टाळक्यांसमोर फायनल खेळणाऱ्यांची झेपच खुजी. वर एक्स्ट्रा पॉइंटसुद्धा (सहा गुणांच्या टचडाउननंतरची एका गुणाची किक) मारता येत नाही.”

डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

एनएफएलच्या मैदानावर दोन हॅशमधलं (चेंडू ठेवायच्या खुणांच्या रांगा) अंतर १८ फूट ६ इंच. आयर्लंडची लीग खेळते कॉलेजच्या नियमांवर बेतलेल्या नियमांनी, तिथं तेच ४० फूट. म्हणजे आदल्या दिवशी फायनल घ्यायची तर हॅशची दुसरी जोडी मारा आणि रातोरात पुसा. रंग पुसला तरी गवतावर फिकट डाग राहतोच. दुसऱ्या दिवशी चेंडू ठेवणाऱ्या पंचानं बघायचं कुठल्या खुणेकडे? आणि हा फरक शोभेचा नाही. कॉलेजच्या हॅशवर चेंडू असला की एका अंगाला ६० फूट मैदान, दुसऱ्या अंगाला १००. एनएफएलमध्ये साधारण ७१ आणि ८९. हौशी संघांचं अर्धं प्लेबुक (ठरवलेले डाव) त्या १०० फुटांच्या मोकळ्या अंगावर उभं असतं. ते काढून घ्यायचं आणि म्हणायचं, “बघा, किती मोठं स्टेडियम दिलं!”

रविवारची रात्र
पोस्ट माझीच. आणि माघार घेत नाही.

लोक फायनल बघायला येतात की फूटपट्टी घेऊन? डब्लिनच्याच अव्हिव्हा स्टेडियमवर २०२२ला अमेरिकन कॉलेजांच्या सामन्यात नॉर्थवेस्टर्ननं नेब्रास्काला ३१-२८ हरवलं, २०२४ला जॉर्जिया टेकनं फ्लोरिडा स्टेटला शेवटच्या किकवर २४-२१. डब्लिनला हा खेळ कळतो, गर्दी होते. क्रोक पार्कचं तर बोलूच नका. रग्बी आणि सॉकरला तिथलं दार २००५पर्यंत बंद, पण अमेरिकन कॉलेजांचे नोटर डेम-नेव्ही १९९६लाच खेळून गेले, १९९७ला स्टीलर्स-बेअर्स. पाहुण्यांना गालिचा आणि घरच्या क्लबांना ओसरी! बेलफास्ट ट्रोजन्सनं २०१२ ते २०१५ सलग चार शॅमरॉक बोल जिंकले, डब्लिनमध्ये कुणाला विचारा, नाव तरी ठाऊक आहे का.

फक्कीवाला
दोघंही थांबा. मैदान आखून बघितलंय का कधी?

एका गोलरेषेपासून दुसरीपर्यंत दर ५ यार्डांना एक, अशा २१ आडव्या रेषा. मागच्या दोन एंडलाइन धरून २३. प्रत्येक ४८.७७ मीटर. दोन बाजूच्या रेषा १०९.७३ मीटरच्या. बेरीज १३४० मीटरच्या वर. त्यात दर यार्डाच्या ३२० आडव्या खुणा, दोन-दोन फुटांच्या, म्हणजे आणखी १९५ मीटर. आकडे रंगवायचे ते वेगळेच.

नेहमीची चूक अशी: ५ यार्ड म्हणजे “साडेचार मीटर” धरून टेप पुढे पुढे सरकवत जायचं. खरं माप ४.५७२. वीस टप्प्यांत १ मीटर ४४ सेंटिमीटरची खोट. सामन्यात अंतर मोजायला साखळी आणली की दहा यार्डांची साखळी रेषांशी जुळत नाही, मग आरडाओरडा. टेप एकाच गोलरेषेवर ठोकून ठेवायचा आणि सगळ्या रेषांची मापं तिथूनच घ्यायची: ४.५७, ९.१४, १३.७२, १८.२९. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. १२०.०८ मीटर आले पाहिजेत. एक लांब आणि एक आखूड निघाला तर मैदान तिरकं झालंय, पुसून परत.

आता कुठलं मैदान ते. सॉकरचं मोठं मैदान १०५ मीटर, आपल्याला लागतात १०९.७३. एंडलाइन दोन्हीकडे २.३६ मीटर बाहेर जाते. गोलचे सांगाडे काढले तरी पुढे जाहिरातींचे बोर्ड. मग लोक एंडझोन (गोलरेषेमागची गुण मिळवायची पट्टी) कापतात, १० यार्डांचा होतो साडेसात. मागच्या रेषेवरून पळणारे रूट (रिसीव्हरचे, म्हणजे पास झेलणाऱ्याचे, धावायचे ठरलेले मार्ग) मेलेच, कॉर्नरला फेड (उंच पास) टाकायला जागा उरत नाही, बचावाला फुकटचा बारावा गडी. गेलिक मैदान १३०-१४५ मीटर लांब, ८०-९० रुंद, त्यात आपलं आरामात बसतं. खांब मात्र साडेसहा मीटरच्या अंतरावर आणि आडवी दांडी अडीच मीटरवर. आपल्याला ५.६४ आणि ३.०५ हवेत. रग्बीचे खांब ५.६ आणि ३. मैदान ७० मीटर रुंद, १२ फुटांची मोकळी पट्टी सोडूनही बाकावरच्या खेळाडूंना जागा राहते. रग्बी क्लबवर फायनल होते ती या हिशेबानं. गरिबीचा संबंध नाही.

तीन गुण
मैदानाचं काय ते बघा तुमचं तुम्ही. मला एक्स्ट्रा पॉइंटवर बोलायचंय, कारण त्यावर सगळे मूग गिळून बसतात.

रग्बीचे खांब ट्रायलाइनवर (रग्बीची गोलरेषा) असतात, एंडलाइनवर नाही. एनएफएलनंही १९७४ला खांब मागे नेले. म्हणजे रग्बी मैदानावर प्रत्येक किक १० यार्डांनी सोपी! ३ यार्डवरून स्नॅप (चेंडू मागे फेकणं), होल्डर (चेंडू टेकवून धरणारा) ७ यार्ड मागे, किक झाली फक्त १० यार्डांची. १० यार्ड!! आणि तरी संघ किक सोडून, चेंडू गोलरेषेपार नेऊन मिळणाऱ्या दोन गुणांसाठी धावतात. ज्या देशानं मेयोब्रिजचा चार्ली स्मिथ किकर म्हणून एनएफएलच्या न्यू ऑर्लीन्सला पाठवला, डेरीचा जूड मॅकअ‍ॅटॅम्नी जायंट्सला पाठवला, त्या देशात? प्रत्येक गावात गेलिकचा गोलकीपर आहे. एक पकडून आणा की.

पांढरी टोपी
गोलकीपर आणलात. चेंडू त्याच्यापर्यंत कोण पोचवणार?

स्नॅपपासून पाय लागेपर्यंत १.३ सेकंद मिळतात. त्यातला साधारण एक तृतीयांश वेळ ७ यार्डांच्या स्नॅपमध्ये जातो. उरलेल्यात होल्डरनं चेंडू झेलायचा, टेकवायचा, शिवण खांबांकडे फिरवायची. स्नॅप होल्डरच्या गुडघ्याखाली आला की ०.३ सेकंद गेले, आणि तेवढ्यात बचावाचा कडेचा गडी आत. क्लबमध्ये लाँग स्नॅपर (लांब स्नॅप फेकणारा) म्हणजे ज्याच्या गळ्यात ते काम पडलं तो सेंटर. तोच आक्रमणात खेळतो, तोच बचावात, चौथ्या क्वार्टरला हात थरथरत असतात. गोलकीपर टीवरच्या थांबलेल्या चेंडूला हवी तेवढी धाव घेऊन मारतो, इथं दोन पावलं. खांब जवळ आले म्हणून अंगावर येणारे अकरा जण थांबत नाहीत. उलट जवळून चेंडू लगेच उचलावा लागतो. दांडी दहा यार्डांवर, उंची ३ मीटर, पहिल्याच रांगेत उंच हात.

तीन गुण
म्हणजे सराव करत नाहीत, असं सरळ म्हणा ना! शंभर ओळी कशाला?

पांढरी टोपी
आठवड्याला दोन संध्याकाळी सराव आणि त्यातली शेवटची १५ मिनिटं स्पेशल टीम्सना (किकच्या डावांना). त्यात किकऑफ, पंट (हातातून सोडून मारलेली लांब किक) आणि त्यांचे रिटर्न. पंटचा स्नॅप १४-१५ यार्ड, तो हुकला तर चेंडू थेट आपल्या एंडझोनमध्ये. एक गुण वाचवायचा की सहा? तुम्ही ठरवा, शहाणे आहात.

लिमरिकची सर
आकडे घ्या. किक दहात सहा बसत असेल, तर दोन गुणांचा डाव दहात तीनदा जमला तरी हिशेब बरोबरीत सुटतो. गोलरेषेपासून ३ यार्डांवर दणकट लाइन (पुढची फळी) असलेला संघ तीनपेक्षा जास्त वेळा आत जातो. घाबरून नाही धावत कुणी.

आणि पाऊस विसरताय. चेंडूतली हवा साडेबारा ते साडेतेरा पीएसआय असली तरी ओलं चामडं साबणासारखं सुटतं. आक्रमणाला स्वतःचे चेंडू वापरता येतात, म्हणून किमान सहा हवेत: एक खेळात, दोन टॉवेलात, बाकी झाकलेल्या डब्यात. बहुतेक क्लब दोनच आणतात, दुसऱ्या क्वार्टरपर्यंत दोन्ही भिजलेले. खराब स्नॅप येतात ते इथून.

रविवारची रात्र
वा! खेळ होता फायनलचा, पोचलो चामड्यापर्यंत. मॅकअ‍ॅटॅम्नीचंच घ्या: ऑक्टोबर २०२५, डेन्व्हरविरुद्ध दोन एक्स्ट्रा पॉइंट हुकले, जायंट्स ३३-३२ हरले. मग व्यावसायिकही भिजके चेंडू वापरतात वाटतं?

तीन गुण
ते ३३ यार्डांवरून होते भाऊ. इथं १० यार्डांचं चाललंय. उदाहरण तरी आपल्या बाजूचं द्या.

रविवारची रात्र
ठीक. ते उदाहरण मागे घेतो. क्रोक पार्कची मागणी मात्र नाही घेत.

फक्कीवाला
आणि खांब जवळ असण्याचा तोटा कुणीच सांगितला नाही. गोलरेषेवर उभा खांब म्हणजे रिसीव्हरला मदतनीस. आडवा रूट खांबाच्या आड काढला की कॉर्नरबॅक (त्याला रोखणारा) एकतर वळसा घालतो नाहीतर त्यावर आपटतो. नियमाप्रमाणे खालून ६ फूट गादी हवीच. रग्बीची गादी असते, पण पट्टे सैल असले की ती फिरते आणि उघडं लोखंड मैदानाकडे येतं. सामन्याआधी दोन्ही खांब हातानं हलवून बघायचे.

सदाशिव पेठ
पुण्याहून विचारतो. आपल्याकडे अमेरिकन फुटबॉलची एलिट फुटबॉल लीग आली होती, संघ पुणे मराठाज, गुंतवणूकदारांत एनएफएलचे माजी कोच माइक डिट्का. २०१२चा मोसम. टीव्ही आधी, क्लब नंतर. आज कोपऱ्यावरच्या पोराला विचारा पुणे मराठाज कोण, तो कबड्डीचा संघ सांगेल. मोठं स्टेडियम मागणाऱ्यांनी हे जरा बघावं. एवढंच.

रविवारची रात्र
पुणेकरांचा टोमणा पोचला. मग निदान अव्हिव्हा? ऑगस्टमध्ये तिथं कॉलेजचा सामना असतोच, हॅश ४० फुटांचेच, खांब बरोबर जागी, साखळीसुद्धा तयार. आता बोला.

पांढरी टोपी
... हॅश बरोबर आहेत, हे मान्य करावं लागतंय. नाइलाजानं.

पण फायनलच्या दिवशी डॉक्टर आणि अ‍ॅम्ब्युलन्स मैदानात नसेल तर किकऑफ नाही. आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाले रग्बीला सरावलेले असतात. मानेची दुखापत झाली की हेल्मेट काढू नका, फक्त तोंडावरची जाळी काढा, हे त्यांना आधी दाखवावं लागतं. जाळी चार क्लिपांवर असते. आयरिश हवेत स्क्रू गंजतात, आतला नट स्क्रूबरोबरच गरगर फिरत राहतो, स्क्रूड्रायव्हरनं काही होत नाही. म्हणून पट्टी कापायची कात्री जवळ हवी आणि मोसमाआधी सगळे स्क्रू स्टेनलेसचे करून घ्यायचे. अव्हिव्हा द्या, रग्बी क्लब द्या, हे काम क्लबच्याच माणसाला करावं लागणार.

तीन गुण
स्क्रू बदलायला वेळ आहे, स्नॅपरला सराव द्यायला नाही. लिहून ठेवतो.

पांढरी टोपी
ठेवा. आणि ये रे बाबा मंगळवारी सरावाला, चेंडू धरायला होल्डर हवाच आहे. गुडघे भिजतात, जुनी पँट घालून ये.