लडाख: लेहमध्ये काय घ्यावं, पुढे काय मिळतं?

पेठकर
नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या शेवटी सहा जण विमानाने लेहला जाऊन पुढे गाडीने नुब्रा, पँगाँग, त्सो मोरिरी करणार आहोत. सोबत दोन ज्येष्ठ आणि सात वर्षांचा मुलगा. दोन रात्री तंबूत राहून स्वयंपाक स्वतःच करायचा बेत आहे. पुण्यातून काय न्यावं, लेहमध्ये काय मिळेल आणि पुढे वाटेत दुकानं कुठे आहेत? येताना जर्दाळू आणि पश्मिनाही घ्यायची आहे.

खिंडवाला
लेह सोडलं की बाजार संपला असं धरूनच याद्या करा. नुब्रातल्या दिस्कितला बऱ्यापैकी दुकानं आहेत: किराणा, भाजी, औषधं. पँगाँगच्या वाटेवर शेवटचं जरा मोठं ठिकाण तांगत्से. स्पांगमिक, मान, मेरक इथे बिस्किटं, मॅगी, चिप्स, पाणी एवढंच, तेही माल वर आला असेल तर. त्सो मोरिरीच्या काठच्या कोरझोकचं तेच. त्यामुळे पुढच्या रात्रींचा सगळा शिधा लेहमध्येच भरा.

लेहच्या मेन बाजारात किराणा, केमिस्ट, मोबाईलवाले सगळे आहेत. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बरीच दुकानं तास-दोन तास बंद असतात, तेव्हा निघायच्या दिवसाची खरेदी त्या वेळेवर टाकू नका. हातमोजे, कानटोपी, थर्मल, स्वस्त बूट यासाठी मोती मार्केट. जाड जॅकेट पुण्यातून ओढून नेण्यात अर्थ नाही, तिथे भाड्यानेही मिळतं. उलट चालायचे बूट मात्र घरूनच, वापरून सैल झालेले न्या. नवे बूट तिथे घेतलेत तर पहिल्याच दिवशी टाचेला फोड.

रोख पैसे लेहमध्येच काढा. दिस्कितला एटीएम आहे, पण त्यात नोटा असतीलच असं नाही, आणि पुढे नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं. शंभर-दोनशेच्या नोटा जास्त ठेवा, पाचशेचे सुटे कुणाकडे नसतात. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या. डिझेलसाठी लेह, कारू आणि दिस्कित एवढ्याच पंपांचा हिशोब धरा. ड्रायव्हर ‘पुढे भरू’ म्हणाला तरी ऐकू नका.

डॉ. अनवाणी
औषधांचं थोडं. नेहमीच्या गोळ्या पूर्ण सहलीच्या आणि वर चार दिवसांच्या, घरूनच. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का आणि किती, हे ज्येष्ठांच्या आणि मुलाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

ऑक्सिजनचे छोटे कॅन विमानात नेता येत नाहीत, लेहच्या केमिस्टकडे मिळतात. पण त्यांच्यावर फार भिस्त नको. दहा लिटरचा कॅन मिनिटाला दोन लिटरने सोडला तर पाच मिनिटांत रिकामा. डोकेदुखी वाढली, उलट्या सुरू झाल्या, चालताना तोल जायला लागला तर कॅन हुंगत बसायचं नाही, खाली उतरायचं. पहिले दोन दिवस लेहमध्ये आराम, आणि बाजारसुद्धा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

चुलाणं
स्वयंपाकाचं. गॅसचे कॅनिस्टर विमानात चालत नाहीत, लेहच्या ट्रेकिंगच्या दुकानांत मिळतात. शेगडी घरून नेणार असाल तर तिचं तोंड कोणतं ते बघून घ्या. बहुतेक शेगड्यांना फिरवून बसवायचा, आटे असलेला कॅनिस्टर लागतो, लांबट टोचणीचा बसत नाही. नुसत्या ब्युटेनचा नको, आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा घ्या. गारठ्यात ब्युटेनची वाफ नीट होत नाही आणि पहाटे चहालाच शेगडी फुरफुरत बसते. रात्री कॅनिस्टर झोपायच्या पिशवीत घ्या. शेगडी बंद तंबूत अजिबात पेटवू नका.

पँगाँगची उंची साधारण ४२५० मीटर. तिथे पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजायची नाही, भात कणीदार राहतो. एक तर तीन लिटरचा कुकर न्या, नाहीतर फार न शिजवता होणारं न्या: दडपे पोहे, भाजलेला रवा (उपम्याला पुरतो), मेतकूट, सत्तू. खोबरं आणि दाणे लेहमध्ये मिळतात, मेतकूट नाही. कांदे-बटाटे-गाजर मेन बाजारात फुटपाथवर बसणाऱ्या बायकांकडून घ्या, शेतातलं ताजं असतं. प्लास्टिकच्या पिशव्यांना तिथे बंदी आहे, कापडी घेऊन जा. चिप्सची पाकिटं वर जाताना उशीसारखी फुगतात, शाम्पू-सनस्क्रीनच्या ट्यूबा टोपण उघडताच पिचकारी मारतात. रुमालात धरून हळू उघडायच्या.

धागादोरा
पश्मिनेबद्दल. दीड-दोन हजारात हातकताईची, हातमागाची शाल मिळत नाही, मग दुकानदार काहीही म्हणो. अंगठीतून शाल ओढून दाखवणं ही परीक्षाच नव्हे, पातळ व्हिस्कोसही (कृत्रिम रेशीम) निघून जातं. शाल उजेडासमोर धरा: हातसुताची वीण थोडी कमी-जास्त जाड दिसते, यंत्राची एकसारखी. कडेचे दोन-तीन धागे मागून घ्या आणि बाहेर जाऊन जाळा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. व्हिस्कोसला कागद जळल्याचा. तरी मेंढीची लोकर आणि पश्मिना यांतला फरक याने कळत नाही, तो स्पर्शाने आणि पक्क्या बिलानेच. लूम्स ऑफ लडाखसारख्या सहकारी संस्थेत महाग पडेल, पण कातलं-विणलं कुणी ते सांगतात. ‘शहातूश’ (तिबेटी चिरू हरणाची लोकर) म्हणून कुणी दाखवलं तर हातही लावू नका, वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

निळे फिरोजे बहुतेक रंगवलेले दगड असतात. आवडले तर साध्या दगडाच्या भावाने घ्या, रत्नाच्या नाही.

पेठकर
मनापासून आभार सगळ्यांचे. जर्दाळू राहिले की! आणि ताजे आणता येतील का?

धागादोरा
ताजे दोन दिवसांत मऊ होतात, तिथेच खा. सुके घेताना चकचकीत केशरी टाळा, ते गंधकाची धुरी दिलेले. उन्हात वाळवलेले तपकिरी, सुरकुतलेले असतात. रक्त्से कार्पो या लडाखी जर्दाळूच्या जातीला २०२२ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं; तिची बी पांढरी असते, इतरांची तपकिरी. तेव्हा बीसकटच घ्या, म्हणजे एक फोडून खात्री करता येते. सुट्या बिया घेतल्यात तर दुकानातच एक चावून बघा. कडू लागली तर थुंका आणि ती खाण्यासाठी घेऊ नका, कडू बियांत सायनाइड तयार होतं. जर्दाळूच्या तेलाची बाटली घट्ट टोपणाची घ्या, दोन पिशव्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत.