स्पाइक लागलेलं चंदन तोडायचं की राखायचं?

रानवाट: चंदनाच्या स्पाइक रोगाची पहिली नोंद 1899 ची, कर्नाटकातल्या कोडगूतली. पानं बारीक होतात, पेरं आखडतात, फांदी बाटली घासायच्या ब्रशसारखी ताठ दिसते, फुलं-फळं सहसा धरत नाहीत. मग एक ते तीन वर्षांत झाड वाळतं. रोगाचं कारण फायटोप्लाझ्मा, म्हणजे झाडाच्या अन्नरसात वाढणारा जिवाणू, पसरवणारे तुडतुडे. माझं म्हणणं सरळ आहे: रोगट झाड दिसलं की काढायचं.

खोडकिडा: हे करून झालंय. 1903 ते 1916 दरम्यान कोडगू-म्हैसूर भागात दहा लाखांवर चंदनं काढली. म्हैसूरच्या महाराजांनी 1907 मध्ये उपाय शोधणाऱ्याला 10,000 रुपयांचं बक्षीस लावलं. रोग हटला नाही. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला कित्येक महिने लागतात, तोवर तुडतुडा शेजारी जाऊन आलेला असतो. आणि सरसकट साफ केलं तर साथीत टिकणारं झाड सापडणार कुठून?

रानवाट: तेव्हा शत्रूच ठाऊक नव्हता! रोगट चंदनात फायटोप्लाझ्मासारखे जीव इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले 1969 मध्ये. आज पीसीआरने, म्हणजे जिवाणूचा डीएनए ओळखणाऱ्या चाचणीने, लक्षणांआधीही तपासता येतं. शिवाय नुसतं खोड कापून भागत नाही, चंदन मुळांतून फुटतं आणि तो फुटवाही रोगट निघतो. मुळं खणून काढा. रोगट फांदी तेवढी छाटणं तर फुकटचा घाम, रोग झाडभर असतो.

तुरीचा_यजमान: टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक खोडात टोचलं तर?

खोडकिडा: काही महिने हिरवी पालवी येते, औषध संपलं की रोग परत. जंगलात हजारो झाडांना कोण टोचत बसणार?

तुरीचा_यजमान: मग शेतातल्या लागवडीचं सांगतो. आपल्याकडे चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोहाची कमतरता पडते, कोवळी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात. लोक घाबरून त्यालाच स्पाइक म्हणतात. स्पाइकची खूण पानाचा आकार आणि पेरांची लांबी, नुसता रंग नव्हे. आणि चंदन तोडायला वनखात्याची परवानगी लागते. ‘दिसलं की काढा’ म्हणणं सोपं, कागद येईपर्यंत झाड उभंच.

रानवाट: मान्य. मग परवानगीचा अर्ज आणि पीसीआरचा नमुना एकाच दिवशी पाठवा. झाड पाडण्याआधी तुडतुड्यांचा बंदोबस्त करा, नाहीतर ते उडून शेजारच्या चंदनावर बसतील.

खोडकिडा: शेतापुरतं पटलं. जंगलात मात्र रोगट टापूत निरोगी राहिलेल्या झाडांवर आधी खूण करा, बी त्यांचं जमवा, कुऱ्हाड नंतर.