पगार एकीकडे, हप्ता दुसरीकडे: सगळी खाती एकत्र करू का?

सातपूरकर:
पगार एका बँकेत येतो, घराचा हप्ता दुसरीतून जातो. शिवाय पंचवटीतल्या एका सहकारी बँकेत आईने माझ्या नावावर केलेली साडेसात लाखांची एफडी आहे. गेल्या महिन्यात द्राक्षांच्या छाटणीसाठी गावी गेलो, पैसे वळवायचे राहिले. हप्ता परत गेला, ५९० रुपये कापले. फार लागलं मनाला. सगळं एकाच बँकेत आणू का?

गंगापूर रोड:
नको भाऊ. ठेवींवरचा विमा एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच, तोही मुद्दल आणि व्याज मिळून. शाखा बदलून उपयोग नाही, बँकच वेगळी हवी. एफडी आत्ता मोडू नका. मुदत संपली की साडेचार लाख तिथे ठेवा, उरलेले दुसऱ्या बँकेत.

सिडकोची ताई:
पगाराच्या खात्यावर दर महिन्याला आपोआप पैसे वळवायची सूचना लावून टाका. मी तर हप्त्याच्या खात्यात एक जादा हप्ता कायम पडून ठेवते, त्याला हात लावत नाही. आणि दोन वर्षं व्यवहार नसलेलं बचत खातं निष्क्रिय होतं, तेवढं बघा.

सातपूरकर:
सूचना आजच लावली, ३ तारखेची. एफडीची पावती आईच्या कपाटात आहे, रविवारी मुदत बघतो.