मदत हवी आहे: 'मामा बनवणे' मधला हा मामा आला कुठून?

मंडळी, एक शंका डोक्यात भुणभुण करतेय. कुणी सहज फसला की आपण म्हणतो 'त्याचा मामा केला' किंवा 'मला काय मामा समजतोस का', पण हा मामाच का? काका का नाही?

बाकीच्यांचं कळतं. पूर्वी कापसाचा नाहीतर कापडाचा बोळा दुधात बुडवून तान्ह्या बाळाच्या तोंडात पिळायचे, त्यामुळे 'मी काय बोळ्याने दूध पीत नाही' चा अर्थ लगेच लागतो. भोळा सांब म्हणजे सरळ शंकर, भस्मासुराला वर देऊन मोकळा आणि मग स्वतःच पळत सुटला. बकरा तर कापायलाच नेतात. पण मामा? उलट आपल्या पुराणांतले फेमस मामे बघा, कंस आणि शकुनी, दोघंही एक नंबरचे डांबिस, शकुनीने तर फाशांवर पांडवांचं अख्खं राज्य काढून घेतलं. म्हणजे शब्द फसवणाऱ्याला चिकटायला हवा होता, चिकटला फसणाऱ्याला!

मला वाटतं 'काकामामा करणे' शी याचा संबंध असावा. अनोळखी माणसाकडून काम काढायचं तर आधी 'ओ मामा, ऐका ना' करून गोड बोलायचं आणि तो विरघळला की झालाच त्याचा मामा. किंवा मग भाच्याचे लाड पुरवणारा, मागितलं की खिशात हात घालणारा तो मामा. पटतंय का कुणाला?

आणि हो, भोळा म्हणजेच मामा असं कृपया नको. भोळा माणूस कायमचा भोळा, मामा मात्र तेवढ्यापुरता होतो, चांगला हुशार माणूसही फोनवर ओटीपी सांगून बसतो आणि मामा बनतो. पोपट होणं अजून वेगळं, त्यात चारचौघांत नाक कापलं जातं पण पैसे जातीलच असं नाही.

कुणाकडे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ ची आवृत्ती किंवा दाते-कर्वेंचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२-३८) असेल तर 'मामा' खाली हा अर्थ दिलाय का बघून सांगाल का प्लीज? मोल्सवर्थमध्ये सापडला तर शब्द चांगलाच जुना, फक्त दाते-कर्वेंत असेल तर बहुतेक मधल्या काळातला, आणि दोन्हीकडे नसेल तर मग कॉलेजकट्ट्यावरचा असायचा चान्स जास्त. तुमच्याकडे 'मामा केला' म्हणतात की 'बनवला' तेही लिहा.

'तुझ्या मामाला विचार' असले रिप्लाय नकोत, विचारून झालंय, तो चिडला.