‘ट्रॉमा’ म्हणजे आघात की जखम? आणि ‘हेल्थ इक्विटी’ला समानता म्हणावे का?

विचारणा: एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट प्राध्यापिकेच्या संशोधनकार्याचा परिचय मी मराठीत लिहीत आहे. ‘ट्रॉमा’ आणि ‘हेल्थ इक्विटी’ हे त्यांच्या अभ्यासाचे मुख्य विषय आहेत. पहिल्या खर्ड्यात मी ‘मनोआघात आणि आरोग्यविषयक समानता’ असे लिहिले. पण वाचताना दोन्ही शब्द मूळ अर्थापासून सरकल्यासारखे वाटतात. पदनाम ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ असे द्यावे की ‘नैदानिक’, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर: आपली शंका रास्त आहे. ग्रीक भाषेत ‘ट्रॉमा’चा अर्थ जखम असा आहे. आपला ‘आघात’ मात्र ‘हन्’ धातूवरून आलेला आहे आणि त्याचा पहिला अर्थ प्रहार असा आहे. म्हणजे एका शब्दाने घाव घालण्याची क्रिया सांगितली जाते आणि दुसऱ्याने त्या घावामुळे झालेली इजा. रोजच्या बोलण्यात हा फरक जाणवत नाही, परंतु संशोधनाच्या भाषेत तो महत्त्वाचा ठरतो, कारण एकाच घटनेला सामोरे गेलेल्या सर्वांनाच सारखी इजा होत नाही आणि ही इजा कोणाला होते, कोणाची भरून येते व कोणाची वर्षानुवर्षे उघडी राहते, हाच या क्षेत्रातल्या अभ्यासकांचा मूळ प्रश्न असतो.

या शब्दाचा प्रवास शरीराकडून मनाकडे झाला. एकोणिसाव्या शतकात रेल्वे अपघातांतून वाचलेल्या, पण बाहेरून जखम न दिसणाऱ्या रुग्णांच्या त्रासाचे कारण काय, यावर डॉक्टरांमध्ये मोठा वाद झाला. 1889 साली जर्मन मज्जाविकारतज्ज्ञ हर्मान ओपेनहाइम यांनी अशा विकारासाठी ‘ट्रॉमॅटिक न्यूरोसिस’ ही संज्ञा पुढे आणली, आणि पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांमुळे ‘शेल शॉक’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. 1980 साली अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ या निदानाला जागा मिळाली. मराठीत त्यासाठी ‘आघातोत्तर ताण विकार’ असे म्हणता येते. दुसरीकडे ‘ट्रॉमा सेंटर’मध्ये शब्दाचा जुना, शारीरिक अर्थ आजही टिकून आहे. म्हणून नुसते ‘ट्रॉमा’ लिहिल्यास वाचकाच्या डोळ्यांसमोर अपघातविभाग उभा राहण्याची शक्यता असते.

‘मनोआघात’ हे रूप मात्र टाळावे. ‘मनः’ आणि ‘आघात’ यांचा संधी संस्कृत नियमाने ‘मनोआघात’ असा होत नाही. ‘मानसिक आघात’ हा रुळलेला प्रयोग आहे आणि तोच मला पसंत आहे. एवढेच करावे की जिथे घटनेविषयी बोलायचे असेल तिथे ‘आघातकारक घटना’ आणि जिथे मागे राहिलेल्या इजेविषयी बोलायचे असेल तिथे ‘आघाताचे परिणाम’ किंवा ‘मनावरचे व्रण’ असे स्पष्ट लिहावे.

‘समानता’ या शब्दाबद्दल माझा आक्षेप अधिक ठाम आहे. समानता म्हणजे सर्वांना सारखे देणे. ‘इक्विटी’मध्ये मात्र ज्याची गरज जास्त, त्याच्याकडे जास्त लक्ष देणे अभिप्रेत आहे. सार्वजनिक आरोग्याच्या ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट व्हाइटहेड यांनी 1990 च्या सुमारास आरोग्यातल्या तफावतींविषयी जी मांडणी केली, तीत टाळता येण्याजोगी, अनावश्यक आणि अन्यायकारक अशी तफावत वेगळी काढलेली आहे. वृद्धांना तरुणांपेक्षा जास्त आजार होतात, ही नुसती तफावत झाली. उत्पन्न, वंश किंवा जात यांमुळे उपचार उशिरा मिळत असतील, तर तो अन्याय ठरतो. म्हणून ‘आरोग्यातील न्याय्यता’ किंवा ‘आरोग्य-न्याय’ हे शब्द मला जवळचे वाटतात.

पुन्हा विचारणा: आभारी आहे. ‘समता’ हा शब्द चालणार नाही का? मराठीत त्याच्यामागे मोठी परंपरा आहे.

उत्तर: चालेल, आणि काही वाचकांना तो ‘न्याय्यता’पेक्षा लवकर भिडेल. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीतून याच नावाचे नियतकालिक निघाले होते. सामाजिक अन्यायाविरुद्धचा अर्थ त्या शब्दात मुरलेला आहे. फक्त पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात खुलासा करावा, नाहीतर समता आणि समानता यांची सरमिसळ होते.

परिचयात हे दोन विषय ‘आणि’ने जोडून सोडून देऊ नयेत, असेही सुचवावेसे वाटते. त्यांच्यातले नाते हाच अनेकदा अशा संशोधनाचा गाभा असतो. वर उल्लेखलेल्या निदानपुस्तिकेच्या 2013 सालच्या पाचव्या आवृत्तीनुसार आघातकारक घटनेत मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा यांपैकी काही प्रत्यक्ष घडलेले असावे किंवा त्याचा धोका असावा लागतो. मग वर्षानुवर्षे सोसलेला भेदभाव आणि अपमान कोणत्या शब्दात बसवायचा, हा प्रश्न संशोधकांना वारंवार पडतो. निकषात न बसणारा त्रास नोंदला जात नाही आणि जो नोंदला जात नाही, त्याच्यावर उपचारही सहसा मिळत नाहीत.

पदनामाविषयी थोडक्यात: ‘नैदानिक’मुळे काम केवळ निदानापुरते वाटते आणि मानसोपचार बाजूला पडतात. पाठ्यपुस्तकांत आढळणारा ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ अधिक बरा. ‘मनोविकारतज्ज्ञ’ मात्र लिहू नये, कारण ते पद वैद्यकीय पदवी घेतलेल्यांचे आहे. माझ्या मते वाक्य असे असावे: ‘मानसिक आघाताचे परिणाम समाजाच्या निरनिराळ्या स्तरांवर विषम का होतात आणि उपचार न्याय्यपणे कसे पोहोचवता येतील, हा या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनाचा विषय आहे.’